मठातला मुतालिक

खांडसहून गणेश घाटाने भीमाशंकरला चढून जाणे ही आमच्या कर्जत तालुक्यातली जुनी वहिवाट. माथ्यावर पोचल्यावर देवळासमोर शनीचे लहानसे देऊळ लागते आणि तिथे टांगलेली ती अवजड घंटा दिसते. लहानपणी मला तिच्यावरची आकृती देवीची वाटायची. ती मेरीची आहे हे फार उशिरा कळले. घंटा वसईची. १७३९ च्या मे महिन्यात वसईचा किल्ला पडला, चिमाजी अप्पांच्या फौजेने तिथल्या चर्चच्या घंटा उतरवल्या आणि त्या हत्तीवरून, गाड्यांवरून घाटावर नेल्या. नाशिकला नारोशंकराच्या देवळातली, मेणवलीची आणि ही भीमाशंकरची, या त्यांतल्या नावाजलेल्या.

आमच्या दहिवलीजवळून वाहणारी उल्हास नदी पुढे वसईच्या खाडीलाच मिळते. नदी खाली गेली, घंटा वर आली, असे मी गमतीने म्हणतो. या घंटेमुळेच मला वसईच्या मठांचे वाचन लागले. रीतसर शिक्षण या विषयातले काही नाही. मिळेल ते वाचत गेलो, वहीत उतरवत गेलो. वसईच्या किल्ल्यात फ्रान्सिस्कन, डोमिनिकन, ऑगस्टिनियन आणि येशुसंघीय, अशा चारही पंथांची घरे होती. त्यांच्या भिंती अजून उभ्या आहेत. फरशीत थडगी आहेत, त्यांवर कप्तानांची, देणगीदारांची नावे आहेत. जे. गर्सन दा कुन्हांनी १८७६ साली चौल आणि वसईवर पुस्तक लिहिले, त्यात यातले कितीतरी लेख उतरवून घेतले आहेत. ते वाचताना मनात एक साधा प्रश्न आला. अशी घंटा रोज पहाटे वाजायची, तर ती वाजवा असे सांगायचे कोण?

प्रश्न वाटतो तितका बाळबोध नाही. सहाव्या शतकात इटलीतल्या माँते कासिनो इथे बेनेडिक्टने मठवासीयांसाठी एक नियमावली लिहिली. पश्चिमेकडच्या मठजीवनाचा तो पाया. तिची ७३ प्रकरणे आहेत आणि त्यांतले ४७ वे घंटेबद्दल आहे. प्रार्थनेची वेळ झाली हे कळवण्याची जबाबदारी स्वतः मठाधिपतीची, म्हणजे ॲबटची. त्याला ती स्वतः करायची नसेल, तर एखाद्या दक्ष बंधूवर सोपवावी. मठात दुसऱ्या माणसाची गरज कुठून सुरू होते, ते या एका सवलतीत दिसते. ॲबट प्रवासाला जातो, आजारी पडतो, म्हातारा होतो. घंटा मात्र रोज वाजावीच लागते.

या दुसऱ्या माणसाला बेनेडिक्टाइन मठात प्रायर म्हणतात. डोमिनिकनांत मठाचा प्रमुखच प्रायर असतो, म्हणून दुसरा झाला सबप्रायर. फ्रान्सिस्कनांत प्रमुख तो गार्डियन आणि दुसरा व्हिकार. येशुसंघात प्रमुख रेक्टर, आणि घरचा रोजचा कारभार बघणारा मिनिस्टर. मराठीत यांना काय म्हणावे म्हणून मी बरेच दिवस अडलो होतो. ‘उपमठाधिपती’ हा शब्द बरोबर आहे, पण त्याला कधी कोणी हाक मारली असेल असे वाटत नाही. शेवटी आपल्याच दप्तरातला शब्द आठवला: मुतालिक. दुसऱ्याच्या नावाने, दुसऱ्याचा शिक्का वापरून कारभार करणारा. साताऱ्याच्या प्रतिनिधींचा मुतालिक होता, सचिवांचा होता. मुतालिकाने केलेली सही धन्याची सही. त्याच्या हाती सगळे असते आणि त्याचे स्वतःचे काहीच नसते.

आता बेनेडिक्टच्या ६५ व्या प्रकरणाकडे येतो. ते या प्रायरबद्दल आहे, आणि संत माणसाने लिहिलेल्या पुस्तकात इतका कडवट सूर क्वचितच सापडतो. प्रायर नेमल्यामुळे मठांमध्ये गंभीर भांडणे उभी राहतात, या वाक्यानेच तो सुरुवात करतो. काही प्रायर फुगतात, आपण दुसरे ॲबटच आहोत असे समजू लागतात, तट पाडतात. हे कुठे जास्त घडते, तर ज्या बिशपाने ॲबटला नेमले त्यानेच प्रायरलाही नेमले असेल तिथे. कारण मग प्रायरच्या मनात येते की, ज्यांनी त्याला बसवले त्यांनीच मलाही बसवले आहे, तेव्हा त्याचा माझ्यावर अधिकार तो काय? दोघांची मने फाटतात, आणि त्यांच्या हाताखालचे लोक ज्याच्या त्याच्या बाजूला जाऊन दोघांची खुशामत करतात.

यावर त्याचा उपाय असा: शक्यतो प्रायर नकोच. कामे दहा-दहा बंधूंवरच्या नायकांमध्ये वाटून द्यावीत, म्हणजे एकाच्या डोक्यात वारे जाणार नाही. आणि अगदीच गरज पडली, तर देवभीरू बंधूंचा सल्ला घेऊन ॲबटने स्वतः प्रायर नेमावा. बाहेरून कोणी नेमू नये. तो चुकला तर चार वेळा तोंडी समज द्यावी, मग शिक्षा, मग पदावरून काढावे, आणि तरीही ऐकले नाही तर मठातून घालवावे. इथवर वाचून वाटते, बेनेडिक्ट पूर्णपणे ॲबटच्या बाजूचा आहे. पण प्रकरणाच्या शेवटच्या ओळीत तो ॲबटकडे वळतो. तुझ्या प्रत्येक निर्णयाचा हिशेब तुला देवापुढे द्यायचा आहे, तेव्हा मत्सराची आग तुझ्या जिवाला लागू देऊ नकोस, असे तो बजावतो. दुसऱ्याच्या डोक्यात हवा जाते आणि पहिल्याच्या पोटात आग असते, ही दोन्ही दुखणी त्याला ठाऊक होती.

मराठी वाचकाला हे प्रकरण समजायला जड जाऊ नये. १७१३ मध्ये शाहू महाराजांनी बाळाजी विश्वनाथांना पेशवेपदाची वस्त्रे दिली, तेव्हा पेशवा हा छत्रपतींच्या प्रधानांपैकी एक होता. १७४९ च्या डिसेंबरात शाहू महाराज वारले, आणि पुढच्या वर्षभरात सत्ता पुण्याला गेली ती गेलीच. साताऱ्याची गादी राहिली, शिक्का छत्रपतींचाच राहिला, वस्त्रे साताऱ्याहूनच येत राहिली. बेनेडिक्ट ‘दुसरा ॲबट’ म्हणतो तो हाच प्रकार. त्याच घालमेलीत पेशव्यांविरुद्ध सांगोल्यात ठाण मांडून बसलेला यमाजी शिवदेव हा स्वतः प्रतिनिधींचा मुतालिक होता, हे विशेष. आपल्या मठांतही दुसरा माणूस असतोच. समर्थांच्या हयातीत चाफळचा व्यवहार दिवाकर गोसावी पाहत. समर्थ रानावनात आणि चाफळच्या उत्सवाचा हिशेब दिवाकरांकडे. पण आपल्याकडे हे नाते गुरूशिष्याचे मानले गेले, आणि त्यामुळे दुसऱ्याच्या अधिकाराची लेखी घटना करावी असे कोणाला फारसे वाटले नाही. ख्रिस्ती मठांनी ती केली, पुन्हा पुन्हा केली, आणि ती पुन्हा पुन्हा मोडलीही.

मोडण्याचा एक मासला इंग्लंडमधला आहे. बरी सेंट एडमंड्स या श्रीमंत मठात जोसेलिन नावाचा भिक्षू होता. त्याने आपल्या मठाची बखरच लिहून ठेवली आहे. ११८० साली म्हातारा ॲबट ह्यू वारला, मठ कर्जात बुडालेला. नवा ॲबट निवडायला राजाची परवानगी लागे, ती यायला वर्षाहून जास्त काळ लोटला. तोवर घर चालवले प्रायर रॉबर्टने. जोसेलिन सांगतो की, हा प्रायर सगळ्यांशी गोड वागला. पाहुणचारात कमी पडू दिले नाही, घरात शांतता ठेवली, कोणाला दुखवले नाही. आणि पैशाचे गैरव्यवहार डोळ्यांसमोर होत होते, तिकडे काणाडोळा केला. निवडणूक समोर असताना दुसऱ्या माणसाची अशीच अडचण होते. कडक वागावे तर मते जातात, सैल सोडावे तर घर बुडते. शेवटी ११८२ मध्ये ॲबट झाला तो भलताच: पूजासाहित्य सांभाळणाऱ्याचा दुय्यम, सॅमसन. त्याने पुढे मठाची कर्जे फेडली, आणि लोकांना तो फारसा आवडला नाही.

तेराव्या शतकात आलेल्या भिक्षेकरी पंथांनी हा गुंता आपापल्या परीने सोडवायचा प्रयत्न केला. असिसीच्या फ्रान्सिसने १२२१ च्या नियमात लिहिले, आपल्यात कोणालाही प्रायर म्हणू नये, सगळे लहान भाऊच, आणि एकमेकांचे पाय धुवावेत. डोमिनिकनांनी हक्क मान्य केला पण वाटून दिला. प्रायर मठातल्या बंधूंनी मत देऊन निवडायचा, पुढे ठरावीक मुदतीपुरता. सबप्रायर मात्र प्रायरने, शहाण्या बंधूंशी बोलून, नेमायचा. म्हणजे बेनेडिक्टने सांगितलेले पथ्य इथे पाळले गेले: दुसऱ्याची नेमणूक पहिल्याच्या हातून. फ्रान्सिसची पाय धुण्याची कल्पना मला जास्त भावते, पण टिकली ती डोमिनिकनांची व्यवस्था. फ्रान्सिस्कनांनाही शेवटी गार्डियन आणि व्हिकार नेमावेच लागले.

हे सगळे पंथ सोळाव्या शतकात आपल्या किनाऱ्यावर उतरले. रेवदंड्याला अजून ‘सातखणी’ म्हणून जो मनोरा दाखवतात, तो फ्रान्सिस्कनांच्या संत बार्बराच्या मठाचा. १५७०-७१ मध्ये मुर्तझा निजामशहाने चौलला वेढा घातला, तेव्हा फ्रान्सिस्कनांचा मठ हीच लढाईची आघाडी झाली होती. पण दुसऱ्या माणसाच्या प्रश्नाने खरी उलथापालथ केली ती गोव्यात, आणि ती चौलच्या वेढ्याच्याही वीस वर्षे आधी. तिचे परिणाम आपल्या माणसांना भोगावे लागले, म्हणून ती जरा तपशिलाने सांगतो.

जुन्या गोव्यात १५४१ मध्ये एक विद्यालय निघाले. पुढे ते सेंट पॉल कॉलेज म्हणून प्रसिद्ध झाले. ते काढण्याचा हेतू स्पष्ट होता. इथल्याच मुलांना शिकवायचे, त्यांतून पाद्री आणि दुभाषे तयार करायचे. कोकणी, कानडी, मल्याळी, सिंहली, मलायी, हबशी, अशी नाना भाषांची पोरे तिथे एका छपराखाली राहत होती. पुढच्या वर्षी फ्रान्सिस झेवियर गोव्यात आला आणि हळूहळू कॉलेज येशुसंघाकडे आले. येशुसंघीय स्वतःला मठवासी म्हणवत नाहीत. ते एकत्र बसून ठरावीक वेळी स्तोत्रे म्हणत नाहीत, त्यांचे काम रस्त्यावर. पण घर आले की प्रमुख आला, आणि प्रमुख गावोगाव फिरणारा असला की दुसरा आलाच. झेवियर तर सदा फिरतीवर. आज मासेमारांच्या किनाऱ्यावर, उद्या मलाक्कात, परवा मोलुकांमध्ये. मधूनच वसईला. १५४८ मध्ये त्याच्या वसईला खेपा झाल्या आहेत.

त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात पोर्तुगालहून अंतोनियु गोमिश गोव्यात उतरला. उमराव घराण्यातला, कायद्यातला पंडित, आणि बोलायला लागला की चर्च तुडुंब. तो सेंट पॉलचा रेक्टर म्हणून आला होता, आणि ही नेमणूक झेवियरने केलेली नव्हती. ती केली होती पोर्तुगालचा प्रांतप्रमुख सिमाँव रोद्रिगिश याने, लिस्बनहून. झेवियर भारतातल्या येशुसंघीयांचा प्रमुख खरा, पण त्या वेळी भारत हा संघाचा वेगळा प्रांत झालेला नव्हता. बेनेडिक्टने हजार वर्षांपूर्वी जे करू नका म्हणून सांगितले होते, तेच इथे घडले: दुसऱ्याची सनद पहिल्याच्या हातची नव्हती.

झेवियरला हा माणूस लवकरच समजला. त्याच्या मनात गोमिशला होर्मुझला धाडायचे होते. पण गोव्यातल्या बड्या लोकांना हा वक्ता सोडवत नव्हता. झेवियरची जपानला जायची घाई झालेली. त्याने तडजोड केली, आणि ती तडजोडच नडली. गोमिश कॉलेजचा रेक्टर राहील, आणि बाहेरच्या ठाण्यांवरच्या लोकांवर मिसेर पावलू, म्हणजे कामेरीनोचा पाओलो, देखरेख करील. हा पाओलो इटालियन, शांत, कष्टाळू, रुग्णांची सेवा करणारा, आणि भांडण म्हटले की मागे सरणारा. एका पहिल्याचे दोन दुसरे झाले. १५४९ च्या एप्रिलमध्ये झेवियर निघून गेला.

तो जवळजवळ तीन वर्षांनी परतला. दरम्यान गोमिशने कॉलेज पोर्तुगालच्या कोइंब्रा विद्यापीठाच्या वळणावर न्यायला घेतले. कडक शिस्त, लांब प्रार्थना, आणि पोर्तुगीज तरुणांची संघात भरती. या तरुणांना जागा हवी, म्हणून त्याने एतद्देशीय मुलांना काढून टाकले. ज्यांच्यासाठी घर बांधले होते तीच पोरे बाहेर. पाओलोने विरोध केला असेल तर तो कोणी मनावर घेतला नाही. कोचीनला गोमिशने तिथल्या एका भक्तमंडळाचे माद्रि द देउश नावाचे चर्च संघाच्या नावाने ताब्यात घेतले, त्यावरून तिथेही बोंब झाली. रोमला तक्रार करावी तर पत्र जाऊन उत्तर यायला दोन वर्षांहून अधिक काळ. झेवियरला कळवावे तर तो जपानात, बर्फातून क्योतोची वाट तुडवत.

या गोष्टीकडे लोक सहसा गोमिशचा उद्दामपणा म्हणून बघतात. तो होताच. पण मला दोष झेवियरचाही दिसतो. गोमिश कसा आहे हे ओळखूनही त्याने त्याला तिथे ठेवले, आणि त्याच्यावर लगाम म्हणून असा माणूस ठेवला ज्याला लगाम ओढणे माहीत नव्हते. माझे काही मित्र, विशेषतः वसईकडचे, यावर माझ्याशी वाद घालतात. संताने प्रवास करायचा की घर सांभाळत बसायचे, असे ते म्हणतात. प्रश्न रास्त आहे. तरी ज्या पोरांना दाराबाहेर काढले, त्यांच्या बाजूने पाहिले तर उत्तर वेगळे येते.

१५५२ च्या सुरुवातीला झेवियर कोचीनला उतरला. आधी त्याने ते चर्च भक्तमंडळाला परत केले. मग फेब्रुवारीत गोव्याला येऊन गोमिशला रेक्टरपदावरून काढले. तोवर इग्नेशियसचे पत्र पोचले होते, भारत वेगळा प्रांत झाला होता आणि झेवियर त्याचा प्रमुख. आता दुसऱ्याला नेमण्याचा आणि काढण्याचा अधिकार त्याच्याच हाती होता. गोमिशला दीवला पाठवले, पुढे संघातून काढून टाकले. आपली बाजू मांडायला तो युरोपकडे निघाला, आणि १५५४ मध्ये जहाज फुटून मेला. कॉलेजचे दार एतद्देशीय मुलांना पुन्हा उघडले.

झेवियरला लगेच चीनला निघायचे होते. या वेळी मात्र त्याने वेगळी तऱ्हा केली. होर्मुझला चांगले काम केलेल्या गास्पर बार्झेउस या डच माणसाला बोलावून त्याला आपला मुतालिक आणि कॉलेजचा रेक्टर, दोन्ही केले. दोन दुसरे ठेवण्याची चूक पुन्हा केली नाही. त्याला लेखी सूचना दिल्या, एक नाही, बऱ्याच. तीन वर्षे गोवा सोडून कुठेही जायचे नाही, अशी आज्ञा केली. आणि बार्झेउस मेला तर त्याच्या जागी कोण, हेही लिहून ठेवले. हे शेवटचे पोर्तुगीज राज्यात नवे नव्हते. वाइसरॉय मेला तर कोण, याची मोहोरबंद पत्रे राजा आधीच पाठवून ठेवत असे आणि ती मेल्यानंतरच फोडत. १५२६ मध्ये अशाच पत्रांतून दोन गव्हर्नर निघाले. पहिल्या पत्रात नाव होते तो मलाक्कात होता, म्हणून दुसरे पत्र फोडले, मग पहिला परत आला, आणि वर्षभर भांडण चालले.

बार्झेउसने आज्ञा पाळली, गोवा सोडला नाही. १५५३ च्या ऑक्टोबरात तो गोव्यातच वारला. झेवियर त्याच्याही आधी, १५५२ च्या डिसेंबरात, चीनच्या किनाऱ्यावरच्या सांचियान बेटावर वारला होता. गंमत म्हणा की दैव, इग्नेशियसने झेवियरला युरोपात परत बोलावणारे पत्र १५५३ च्या जूनमध्ये लिहिले, ते सहा महिन्यांपूर्वी मेलेल्या माणसाला. पहिला गेला, दुसरा गेला, आणि कारभार आला मेल्क्योर नूनिश बार्रेतुकडे. हा माणूस आपल्या वसईचा, म्हणजे झेवियरने तिथल्या घरावर नेमलेला. त्याने वर्षाच्या आतच काय करावे? तोही जपानला निघाला, घर आणखी एका मुतालिकावर टाकून.

गोमिश गेला, पण त्याने उभा केलेला प्रश्न गेला नाही. एतद्देशीय मुलगा कॉलेजात बसला, तरी संघात शिरू शकतो का? आणि शिरला तरी घरातला दुसरा तरी होऊ शकतो का? पहिला होण्याची तर गोष्टच नको. १५७५ मध्ये पेद्रु लुईश हा केरळातला ब्राह्मण येशुसंघात घेतला गेला. अठराव्या शतकात संघ बरखास्त होईपर्यंत त्यात घेतलेला हा एकच भारतीय. वसईचा गोन्सालो गार्सिया याची कथा तर माहीतच आहे, पण ती या बाजूने कोणी सांगत नाही. बाप पोर्तुगीज, आई इथली. वसईच्या येशुसंघीयांकडे तो शिकला, त्यांच्याबरोबर जपानला गेला, वर्षानुवर्षे तिथे धर्मशिक्षकाचे काम केले. संघात घ्या म्हणून विनवले, घेतले नाही. व्यापार केला, मग मनिलात फ्रान्सिस्कनांकडे बंधू म्हणून गेला. त्यांनी १५९३ मध्ये त्याला पेद्रो बाउतिस्ताबरोबर पुन्हा जपानला पाठवले, कारण जपानी त्यालाच येत होते. हिदेयोशीसमोर जो शब्द बोलला गेला, तो गोन्सालोच्या तोंडून. पाद्री नसल्याने घराचा व्हिकार तो कधी होऊ शकला नसता, पण त्या घराचा दुसरा माणूस तोच होता. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीत बाउतिस्तासह सव्वीस जणांना क्रूसावर चढवले, त्यांत तो होता. १८६२ मध्ये रोमने त्याला संत केले, आणि आज वसईत त्याच्या नावाचे कॉलेज आहे.

गोव्याच्या पाद्रींनी शेवटी आपले घर आपणच काढले. १६८२ मध्ये जुन्या गोव्यात ऑरेटरी स्थापन झाली. बाणावलीच्या जुझे वाझला १६८५ मध्ये तिचा प्रमुख निवडले. त्यानेही झेवियरसारखेच केले, दोनच वर्षांत घर दुसऱ्यांवर सोडून तो सिलोनला गेला, डच सरकारची नजर चुकवून, मजुराच्या वेषात. तिथे कोचीनच्या बिशपाने त्याला आपला व्हिकार जनरल नेमले. ‘व्हिकार’ म्हणजे मूळ लॅटिनमध्ये बदली माणूस. गोव्यात आजही गावच्या पाद्रीला ‘पाद्री विगार’ म्हणतात. म्हणजे मुतालिकच, आणि ते म्हणणाऱ्याला हे ठाऊक नसते. पण या ऑरेटरीचे कौतुक करताना एक सांगायला हवे. तिथे प्रवेश ब्राह्मण घराण्यांतल्या पाद्रींना होता. चारड्यांना दार बंदच. गोऱ्यांनी लावलेली कडी आतल्या बाजूने आपल्यांनीच पुन्हा लावली.

बायकांच्या मठाचे दोन शब्द. गोव्यात संत मोनिकाचा मठ आर्चबिशप आलेइशु द मेनेझिश याने १६०६ मध्ये स्थापला. हा स्वतः ऑगस्टिनियन, लिस्बनमध्ये प्रायर राहिलेला, आणि पुढे वाइसरॉय नसताना १६०७ ते १६०९ गोव्याचा गव्हर्नरही. मठात वर प्रायरेस, तिच्या हाताखाली सबप्रायरेस. काळा बुरखा आणि पांढरा बुरखा असा भेद होता, आणि मान काळ्या बुरख्याचा. १८३४ मध्ये पोर्तुगालने पुरुषांचे मठ बंद केले. बायकांना राहू दिले, पण नवी जोगीण घ्यायची नाही असे ठरले. एकेक करत त्या मेल्या, शेवटची १८८५ मध्ये. अखेरच्या काळात त्या भल्याथोरल्या तिमजली वास्तूत एकटीच उरली असताना ती प्रायरेस होती की सबप्रायरेस, असा विचार मी तिथल्या अंगणात उभा राहून केला आहे.

गेल्या वर्षी पावसाळ्यानंतर वसई भागातल्या एका लहान कॉन्व्हेंटमध्ये गेलो होतो, जुन्या नोंदवह्या पाहायला मिळतील या आशेने. नोंदवह्या नव्हत्या. पण तिथल्या असिस्टंट सुपीरियर सिस्टरांनी चहा दिला. सत्तरीच्या, कमरेला किल्ल्यांचा जुडगा. मी बेनेडिक्टचे ६५ वे प्रकरण त्यांना सांगू लागलो. त्यांनी ते शांतपणे ऐकले. आजच्या चर्चच्या कायद्यात, १९८३ च्या संहितेच्या ६२० व्या कलमात, स्वायत्त मठाच्या प्रमुखाचा व्हिकार हासुद्धा वरिष्ठ प्रमुखांतच मोजला आहे, हेही मी सांगितले. त्या हसल्या. “भाऊ, आमचं घर एवढं मोठं नाही. मदर घरात असल्या की मी कोणी नाही, मदर बाहेर गेल्या की मी मदर. भाजी काय आणायची ते दोन्ही दिवशी मीच ठरवते.”

मी विचारले, मदरशी कधी वाजते का? त्या थोडा वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “यांच्याशी नाही. आधीच्या होत्या, त्यांच्याशी वाजायचं. मला वाटायचं, मी जास्त जाणते. त्यांनाही वाटायचं की मला तसं वाटतं.”

मदर त्या दिवशी मुंबईला गेल्या होत्या. साडेपाच झाले तशा सिस्टर उठल्या, ओसरीच्या कोपऱ्यातल्या दोरीकडे गेल्या आणि घंटा वाजवली. मी पिशवी उचलली. वसई स्टेशनला जायला रिक्षा मिळेपर्यंत ती आणखी एकदा वाजली.